भरतीच्या टेबलावर बसण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

चाकणच्या भरती एजन्सीत पुढच्या सोमवारी रुजू होणार आहेस आणि महिन्याला बारा जॉइनिंगचं टार्गेट आहे, असं लिहिलंस. शेवटी विचारलंस, ‘हे काम म्हणजे दिवसभर फोन करत बसणं, एवढंच ना?’ फोन तर करावे लागतीलच, आणि ढिगाने. पण फोनवर काय विचारायचं आणि काय झाकून ठेवायचं नाही, हे ज्याला कळतं त्याची माणसं कंपनीत टिकतात. बाकीचे दर महिन्याला त्याच जागा पुन्हा भरत राहतात.

चाकण, रांजणगाव, भोसरी कुठेही फिर, गेटवर पाटी दिसेल: ‘पाहिजेत – फिटर, वेल्डर, व्हीएमसी ऑपरेटर’. त्याच वेळी लातूर, बीड, परभणीकडे आयटीआय झालेली मुलं घरी बसलेली असतात. रिकाम्या जागा आणि रिकामे हात एकाच वेळी कसे असतात, याचा अभ्यास केला म्हणून २०१० साली पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि क्रिस्टोफर पिसारिडीस यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं ढोबळपणे असं, की एकमेकांना शोधायलाच वेळ, पैसा आणि माहिती खर्च होते. त्या शोधाच्या खर्चातच तुझं पोट भरणार आहे, हे लक्षात ठेव. खोटी माहिती देऊन तो खर्च तू वाढवलास, तर तुझं काम कुणालाच नको.

सुरुवात कंपनीकडून कर. मेल येईल: ‘सीएनसी सेटर, ३ ते ५ वर्षं, तातडीने.’ सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारं कटिंग मशीन; सेटर ते कामासाठी जुळवून देतो, ऑपरेटर नुसतं चालवतो. एवढ्यावर कुणालाही फोन लावू नकोस. आधी मशीनशॉपवरच्या माणसाला गाठ. एचआरला बहुतेक वेळा एवढं खोलात माहीत नसतं. मशीन टर्निंगचं (जॉब फिरतो) की व्हीएमसी (टूल फिरतं)? कंट्रोलर, म्हणजे मशीनचा संगणक, फॅनुकचा की सीमेन्सचा? एका माणसाकडे किती मशीन? शिफ्ट दर आठवड्याला फिरते का? बस कुठून कुठपर्यंत? थेट कंपनीच्या पटावर की कॉन्ट्रॅक्टवर? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: आधीचा माणूस का गेला? ‘त्याला चांगली ऑफर मिळाली’ असं उत्तर आलं तर पुढचं विचार, त्याच्या आधीचा का गेला. एका जागेवरून वर्षात तीन जण गेले असतील, तर दोष उमेदवारांत शोधून उपयोग नाही. तिथे सुपरवायझर तरी तापट असतो, नाहीतर रविवारी सक्तीने ओव्हरटाइम असतो.

पगाराचा पट्टाही आधीच काढून घे. ‘माणूस बघून ठरवू’ म्हणणाऱ्या क्लायंटकडे पाच मुलाखती फुकट जातात आणि पाच मुलांची पाच दिवसांची हजेरी बुडते. तो खर्च बिलात कुठे दिसत नाही, पण मुलाच्या खिशातून जातो.

आता उमेदवाराचा फोन. पहिल्याच मिनिटात सांग, ‘नोकरीसाठी आम्ही एक रुपयाही घेत नाही.’ ड्रेसचे, आयकार्डचे, ट्रेनिंगचे म्हणून हजार-दोन हजार उकळणारे या पट्ट्यात आहेत, आणि मुलं एकदा पोळली की पुढच्या प्रत्येक फोनला तेच समजतात. तुझे पैसे कंपनी देते: साधारण वर्षाच्या सीटीसीच्या (कंपनीला त्या माणसावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचे. माणूस ठरलेल्या मुदतीत, बहुधा ९० दिवसांत, सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. ही अट एजन्सीला जाचक वाटते. मला ती या धंद्यातली सगळ्यात शहाणी अट वाटते.

सीव्हीवर ‘सीएनसी सेटर कम ऑपरेटर’ लिहिलेलं असतं, पण निम्म्या वेळा तो नुसता ऑपरेटर असतो. खोटं बोलतो म्हणून नव्हे. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की असं लिही. हे फोनवरच कळतं. विचार, ‘टूल बदललं की पुढे काय करतोस?’ ऑपरेटर म्हणतो, सेटरला बोलावतो. सेटर सांगतो, ऑफसेट (टूलच्या मापातला फरक) घेतो, पहिला पीस काढतो, मायक्रोमीटरने मोजतो, क्वालिटीकडून पास करून घेतो, मग लॉट चालू. अजून एक प्रश्न ठेव: ‘बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) झिजत गेला, तर जॉबचा, म्हणजे पीसचा, साइज वाढतो की कमी होतो?’ वाढतो, कारण झिजलेली धार कमी माल काढते. बोअरिंगमध्ये (आतलं भोक मोठं करताना) उलट, भोक लहान राहतं. ज्याने मशीनवर हात घातलाय तो क्षणात सांगतो, आणि बरेचदा वर ऐकवतो की मग किती मायक्रॉनचा ऑफसेट दिला. ज्याने घातलेला नाही तो विचारतो, ‘सर, हे कंपनीत शिकवतील ना?’ त्यालाही फोन ठेवू नकोस. त्याला ऑपरेटरच्या जागेसाठी लिहून ठेव. चुकीच्या जागी नापास झालेला मुलगा योग्य जागी पास होऊ शकतो, फक्त ती जागा तुझ्या वहीत असायला हवी.

अनुभवाच्या वर्षांवर फार जाऊ नकोस. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. अनुभवाची वर्षं पुढच्या कामाबद्दल फार थोडं सांगतात, असं त्यातून दिसलं. प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावणं आणि सगळ्यांना तेच प्रश्न ठरवून विचारणं, हे त्याहून खूप जास्त सांगतं. पुढच्या अभ्यासांत आकडे खाली आले, पण ठरवून घेतलेली मुलाखत वरच राहिली. म्हणून क्लायंटला गळ घाल, की मुलाखतीत अर्धा तास गप्पा मारण्यापेक्षा एक ड्रॉइंग, एक व्हर्नियर आणि एक पीस समोर ठेवा. ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) असलेला व्हर्नियर वाचता येतो की नाही, हे दोन मिनिटांत कळतं.

क्लायंट कधी कधी फोनवर हळूच सांगेल, ‘लोकल नको, लगेच युनियन करतात,’ किंवा आडनाव विचारेल, किंवा ‘लग्न ठरलेली मुलगी नको’. लेखी कुणी देत नाही. भांडण करायची गरज नाही, पण हे निकष म्हणून उतरवूनही घेऊ नकोस. विचार, अडचण नेमकी काय आहे? गैरहजेरी? मग हजेरी तपासू, आधीच्या कंपनीत विचारू. अडचण कामाची असेल तर ती कामाच्या भाषेत मांडता येते. मांडता येत नसेल, तर असल्या निकषांवर मी माणसं देणार नाही म्हणायची हिंमत पहिल्या वर्षीच ठेव. पुढे ती येत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे तुटतात. तू म्हणतोस ‘बावीस हजार’, मुलगा ऐकतो ‘हातात बावीस हजार’. एक उदाहरण मांडून बघ. ग्रॉस (काही कापण्याआधीचा पगार) १८,०००, त्यात बेसिक आणि डीए १४,०००, एचआरए ४,०००. मुलाचा पीएफ १४,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,६८०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, ग्रॉसच्या ०.७५ टक्के, म्हणजे १३५. प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. म्हणजे हातात सोळा हजारांच्या आसपास, कॅन्टीन आणि बसचे कापले तर त्याहून कमी. कंपनी मात्र आपला पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के आणि बोनस धरून सीटीसी बावीस हजारांच्या घरात नेते. दोघंही खरं बोलतायत, पण मधला तू गप्प बसलास तर पहिल्या पगाराला तो मुलगा तुला खोटारडा म्हणणार, आणि त्याचं बरोबर असणार. जाता जाता: महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला प्रोफेशनल टॅक्स लागत नाही, तेव्हा तिचा हिशेब वेगळा मांड.

ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. समज, एखादा वीस हजार आठशेवरून साडेएकवीसवर चाललाय. सातशे रुपये वाढले म्हणून तो खूश. पण मर्यादा ओलांडली की पुढेमागे त्याचं ईएसआय कार्ड बंद होतं, आणि गावाकडे आईचं डायलिसिस त्याच कार्डावर चालू असू शकतं. त्याला विचार, घरी कुणाचं औषधपाणी चालू आहे का. मग कंपनीला विचार, मेडिक्लेम आहे का आणि त्यात आईवडील आहेत का. नसेल तर ही बढती त्याला परवडणारी नाही, हे तूच सांगायचंस. जॉइनिंग जाईल, जाऊ दे.

‘ट्रेनी’ हा शब्द ऐकलास की थांब. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या मुलाला पीएफ-ईएसआय नसतं, स्टायपेंड असतो, आणि ठरलेल्या मुदतीनंतर कायम करण्याचं बंधन कंपनीवर सहसा नसतं. त्यात वाईट काही नाही, प्रमाणपत्र मिळतं, हात बसतो. पण मुलगा घरी ‘कंपनीत लागलो’ असं सांगतो आणि वर्षाने परत येतो, तेव्हा त्याला आधी कुणी नीट सांगितलं होतं का, हाच प्रश्न उरतो.

कागदांत एक चूक इतकी हटकून होते की वेगळी लिहितो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर बरेचदा नाव आधी, कधी वडिलांचं गाळलेलं, कधी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आधारशी जुळला नाही की पीएफ अडकतो. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर दोन ठिकाणी एकाच वेळी नोकरी दिसते आणि पार्श्वभूमी तपासणीत मुलगा बिनकारण संशयात येतो. ऑफर निघायच्या आधी आधार, मार्कशीट आणि यूएएन तिन्ही शेजारी ठेवून वाच. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस. कंपनी मागत असेल तर दाखवून परत घ्यायला सांग.

ऑफर आणि जॉइनिंग यांच्यामधले तीस दिवस सगळ्यात नाजूक. इंजिनिअर असेल तर राजीनामा दिल्यावर जुनी कंपनी काउंटर ऑफर देते. राजीनाम्याच्या आधीच विचार, ‘तिथेच चार हजार वाढवले तर थांबशील?’ हो म्हणाला तर आधी तिथेच बोलून ये म्हण. कामगार असेल तर कारणं वेगळी: पेरणी, बहिणीचं लग्न, पोलीस भरती. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे १६०० मीटर पळणारी मुलं रात्रपाळी करत नाहीत, हे आधीच धरून चाल. त्यावर रागावू नकोस. सरकारी नोकरीची आशा सोडून तुझ्या कॉन्ट्रॅक्टवर ये, असं त्याला सांगण्याएवढं चांगलं तुझ्याकडे बहुधा काही नसतं. फक्त विचारून ठेव, फॉर्म भरलाय का, म्हणजे जनरल शिफ्टची (दिवसपाळीची) जागा आली की पहिला फोन त्याला.

एक वही कर, एक्सेल चालेल. कोण ‘नाही’ म्हणालं आणि का, हा रकाना सगळ्यात रुंद ठेव. ‘बस मोशीपर्यंतच येते’ हे कारण आठ वेळा आलं की ती वही घेऊन क्लायंटकडे जा; पगार वाढवण्यापेक्षा बसचा एक थांबा वाढवणं त्यांना स्वस्त पडतं. मुलाखतीत नापास झालेल्यालाही दोन ओळींचा मेसेज त्याच दिवशी गेला पाहिजे. तो वाट बघत दुसरीकडची तारीख सोडतो.

आणि पहिला पगार. बऱ्याच कंपन्यांत हजेरी एकवीस ते वीस अशी धरतात आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला होतो. म्हणजे २२ जूनला रुजू झालेल्याच्या हातात पैसे ७ ऑगस्टला पडणार. तोवर कॉट बेसिसची (खाटेपुरती भाड्याची) खोली, तिचं डिपॉझिट, मेस, मोबाइल. पहिला पगार नक्की कधी होणार हे ऑफर देतानाच तारखेसकट सांग, कारण लातूरहून निघताना घरून किती पैसे घ्यायचे, हे त्या तारखेवर ठरतं.