गिअरबॉक्सची गळती : सील बदलण्याआधी ब्रीदर पाहा

प्रश्न : माझ्याकडे 1998 सालची मारुती 800 आहे. गाडीखाली अंगणात रोज सकाळी तळहाताएवढा तेलाचा डाग दिसतो. उन्हाळ्यात तालुक्याच्या मिस्त्रींनी गिअरबॉक्सचे एक्सलकडील ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलून दिले होते, परंतु पोळ्याच्या सुमारास गळती पुन्हा सुरू झाली. आता संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे ते म्हणतात. कापूस विकला जाईपर्यंत हा खर्च मला झेपणारा नाही. हे काम घरी करता येईल काय?
— एक वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : गळणारे द्रव्य गिअर ऑइलच आहे, याची खात्री आधी करून घ्यावी. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवा आणि सकाळी डागाचा वास घ्या. गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त द्रव्ये मिसळलेली असल्यामुळे त्याला जो उग्र दर्प असतो, तो इंजिन ऑइलला नसतो.

नवे सील काही महिन्यांतच गळू लागले, एवढ्यावरून सील हलके होते किंवा मिस्त्रींचा हात चुकला, असे मी म्हणणार नाही. गाडी चालताना गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते आणि ती बाहेर पडावी म्हणून गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला ब्रीदर नावाची लहानशी वाट ठेवलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात पांदण रस्त्याने गाडी नेली की काळी माती उडून तेलकट भागावर थापली जाते, आणि ऊन पडताच ती अशी घट्ट वाळते की ब्रीदरचे तोंड लिंपल्यासारखे बंद होते. मग कोंडलेल्या हवेचा दाब तेलाला सर्वांत नाजूक जागेतून, म्हणजे सीलच्या रबरी ओठातून, बाहेर ढकलतो. अशा गाडीला कितीही सील बसवली तरी ती गळतच राहतील. म्हणून पहिल्यांदा ब्रीदरभोवतालची माती रॉकेल किंवा डिझेल लावलेल्या ब्रशने काढा, तारेने छिद्र मोकळे करा आणि तेलाची पातळी ठीक करून आठ दिवस गाडी चालवून पाहा. अनेकदा काम येथेच संपते.

पातळी पाहताना गाडी सपाट जागी उभी असावी. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल भरण्याचे तोंड हेच पातळी पाहण्याचेही तोंड असते. तेल त्याच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे आत घातलेल्या बोटाच्या टोकाला लागेल इतके असावे. त्याहून अधिक भरलेले तेलही गळतीला कारण होते.

एवढे करूनही थेंब थांबले नाहीत, तर सील बदलावे लागेल. हे काम घरी होते, मात्र जॅक काळ्या मातीत खचतो, म्हणून त्याखाली जाड फळी घालावी आणि केवळ जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली मुळीच शिरू नये, स्टँड लावावेत. तेल काढण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही, ते पाहावे. आधी सर्व तेल काढून टाकले आणि मग हा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी अंगणातच अडकून पडते. चाकाकडचा खालचा बॉल जॉइंट (गोलाकार सांधा) सोडवून हब, म्हणजे चाक बसते तो भाग, बाहेर ओढला आणि टॉमीने (लोखंडी पहारीने) बेताने उचकटले, की एक्सलचे आतले टोक निघते. या वेळी एक्सलवर सील जेथे टेकते त्या जागेवरून नख फिरवून पाहा. नख अडकले, तर तेथे खाच पडली आहे असे समजावे आणि नवे सील पूर्वीपेक्षा एखादा मिलिमीटर बाहेर बसवावे, म्हणजे त्याचा ओठ गुळगुळीत भागावर येतो. सीलच्या ओठाला तेल लावून, योग्य मापाच्या पाइपाच्या तुकड्याने ते चहूबाजूंनी सारखे ठोकावे; ते तिरपे बसले तर सगळा खटाटोप वाया जातो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाकावा, मात्र बोल्ट अति आवळू नये, कारण अॅल्युमिनियमचे आटे सहज झिजतात.

तेल मात्र क्लच बेलच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील क्लचवरच्या कवचाच्या, तळातून ठिबकत असेल, तर आपल्या मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरू शकते. इनपुट शाफ्टचे (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचे) सील गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हाती लागत नाही आणि ते तेल क्लच प्लेटवर गेल्यास क्लच घसरू लागतो. ते काम घरी करू नये.

काढलेले तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवर द्यावे.

प्रश्न : गावात गिअर ऑइल मिळत नाही. गळती झाल्यास इंजिन ऑइल टाकून गाडी नेता येईल काय?
— एक वाचक, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया

उत्तर : तालुक्यापर्यंत पोहोचण्यापुरते चालेल. दोन्ही तेलांचे आकडे वेगवेगळ्या मापांचे आहेत. 90 नंबरचे गिअर ऑइल साधारणपणे 40 ते 50 नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते. पुढे मात्र ते काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल भरावे. पुस्तिकेत जीएल-4 (गिअर ऑइलचा एक दर्जा) लिहिले असताना दुकानदाराने ‘यापेक्षा भारी’ म्हणून जीएल-5 पुढे केले, तर ते घेऊ नये, कारण त्यातील काही द्रव्यांमुळे पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) लवकर खराब होऊ शकतात आणि गिअर कडक पडू लागतात.