वाचक विचारतात : विल्हेल्म राइश

प्रश्न : मनोविश्लेषक राइशचं ‘मास सायकॉलॉजी ऑफ फॅसिझम’ वाचताना मध्येच ‘ऑर्गोन’ ऊर्जा येते आणि गोंधळ उडतो. वाचायचं कसं?

उत्तर : गोंधळ आवृत्तीमुळे होतो. मूळ जर्मन पुस्तक 1933चं; 1946च्या इंग्रजी आवृत्तीत राइशने मार्क्सवादी संज्ञा बदलल्या, ऑर्गोनची, म्हणजे त्याच्या मते सर्वत्र असलेल्या जीवनशक्तीची, भर घातली. आधी त्याचंच ‘कॅरॅक्टर अ‍ॅनालिसिस’ घ्या, पण 1949च्या आवृत्तीत जोडलेला शेवटचा, ऑर्गोनकडे नेणारा भाग तूर्त बाजूला ठेवा. रुग्ण काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो, हे तिथे नीट पाहा : अखंड नम्रता, आवळलेला जबडा, रोखलेला श्वास. हेच रुग्णाचं, भावना अडवून धरणारं ‘चिलखत’. हा भाग आजही अस्सल वाटतो. ऑर्गोनला मात्र वैज्ञानिक आधार नाही. ही ऊर्जा साठवण्यासाठी राइशने बनवलेल्या, माणसाने आत बसायच्या पेटीने कर्करोग बरा होत नाही. तरीही 1956मध्ये अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशाने त्याची पुस्तकं जाळली, हा अन्यायच.