सुनेला एक पेढा जास्त

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत 21 वर्षं शिकवलं. 1999 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि यजमानांच्या नोकरीपायी न्यू जर्सीला आले. इथे 12 वर्षं पाळणाघरात काम केलं. दर पगारातून सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन योजनेचा, कर गेला. 2022 मध्ये वाटत होतं महिना 720 डॉलर मिळतील, ठरले 570. कारण काय, तर मला महाराष्ट्र सरकारची 24 हजार रुपये पेन्शन आहे! 2025 मध्ये ही कपात बंद झाली, मागचे दोनेक हजार डॉलरही एकदम जमा झाले. मी पेढे वाटले. सून म्हणाली, "आई, कापत होते तेच बरोबर होतं." तुम्हीच सांगा, चूक कोणाची?

उत्तर : सुनेला एक पेढा जास्त द्या. हिशेब तिला कळलाय.

रागावू नका, मीही त्याच कात्रीखालून गेले आहे. आमच्या ओहायोत सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापतच नाहीत, त्यांचा फंड वेगळा. टेक्सस, इलिनॉय, कॅलिफोर्नियातही तसंच. मी आधी 11 वर्षं विमा कंपनीत होते, मग 19 वर्षं गणित शिकवलं. त्या 11 वर्षांच्या पैशातून दरमहा चारशेच्या वर डॉलर जायचे. नियमाच्या नावातच 'विंडफॉल' होतं, म्हणजे घबाड. माझं घबाड! तणतणत घरी आले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले.

सोशल सिक्युरिटी तुमची सगळ्यात चांगली 35 वर्षं धरते आणि त्यांची कमाई 420 महिन्यांनी भागते. तुमची भरली 12, उरलेली 23 वर्षं शून्य. महागाईचा हिशेब धरून वर्षाला 28,000 डॉलर कमावले असतील, तर एकूण 3,36,000, भागिले 420, सरासरी 800. या सरासरीच्या पहिल्या टप्प्यावर 90 टक्के मिळतात, पुढच्यावर 32, त्यापुढे 15. तुमचे 800 पहिल्याच टप्प्यात बसले, म्हणून 720. आता हे 90 टक्के ठेवलेत जन्मभर तुटपुंज्या पगारावर राबलेल्यांसाठी. हिशेबाच्या यंत्राला तुमची साताऱ्यातली 21 वर्षं दिसतच नाहीत. त्याला दिसते 35 वर्षं महिना 800 डॉलरवर संसार ओढलेली बाई.

म्हणून 1983 च्या कायद्याने अशी दुसरी, सोशल सिक्युरिटीबाहेरची पेन्शन असलेल्यांसाठी 90 चे 40 केले. त्याप्रमाणे तुम्हाला 320 च मिळायचे. पण दुसऱ्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त कापता येत नसे. तुमचे 24 हजार म्हणजे तेव्हाचे साधारण 300 डॉलर, त्याचे निम्मे 150. साताऱ्याची पेन्शन लहान होती म्हणून थोडक्यात निभावलं.

माझं भांडण कापण्याशी नव्हतं, कात्रीशी होतं. सोशल सिक्युरिटीत वीस वर्षं चांगल्या पगारावर कर भरलेल्याला आणि दहा वर्षंवाल्याला तीच कात्री. एकविसाव्या वर्षापासून थोडी थोडी सूट, तीस भरली की पूर्ण माफी. खरं तर जितकी कमाई सोशल सिक्युरिटीत तितका वाटा, हे त्रैराशिक आठवीतली मुलंही मांडतील. तसे प्रस्ताव अमेरिकेच्या संसदेत येऊनही गेले. शेवटी कात्रीच फेकून दिली. 5 जानेवारी 2025 ला तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि जानेवारी 2024 पासूनची कपात रद्द झाली. 28 लाखांहून जास्त लोकांना फायदा, दहा वर्षांत सुमारे 196 अब्ज डॉलरचा खर्च, आणि आधीच आटत चाललेला फंड साधारण सहा महिने लवकर कोरडा. माझे चारशे त्यातलेच. परत केले का? नाही. नातवाच्या सायकलीला गेले.

या कायद्याने दुसरीही एक कपात गेली. शेजारच्या वर्गात शिकवणारी माझी मैत्रीण विधवा झाली. तिची शिक्षकी पेन्शन 2,400, नवऱ्याच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे 1,500 मिळायला हवे होते. पण पेन्शनचे दोन तृतीयांश, म्हणजे 1,600, त्यातून वजा करत. हाती शून्य. नवऱ्याने चाळीस वर्षं कर भरलेला! तिच्यासाठी मीही भांडले. नंतर लक्षात आलं, कारखान्यात सोशल सिक्युरिटी भरत जन्म काढलेल्या विधवेला स्वतःचं आणि नवऱ्याचं मिळून मोठ्या रकमेइतकंच मिळतं, दोन्हींची बेरीज नाही. तिच्यापुढे एक तृतीयांशाची सूटही नव्हती. आता माझ्या मैत्रिणीला दोन्ही पूर्ण मिळतात, कारखानावालीला पूर्वीइतकंच. हे मी मैत्रिणीला बोललेले नाही. तिला मराठी येत नाही म्हणून इथे लिहितेय.

तुम्हाला आता वेगळा अर्ज नको, महाराष्ट्रातला हयातीचा दाखला तेवढा नोव्हेंबरात विसरू नका. मात्र ओळखीत कुणी शिक्षिका 'नाहीतरी सगळं कापूनच जाणार' म्हणून नवऱ्याच्या नावावरचा अर्ज न करता बसली असेल, तर तिला आजच फोन करा. तिचे पैसे आपोआप येणार नाहीत, आणि उशीर झाला तर मागचे फार तर सहा महिन्यांचेच मिळतात.