माणसाने केलेल्या शिकारीत एकच लांडगा मेला तर कळपाला कितीसा फरक पडतो?

कोण मेला, त्यावर आहे. कळप म्हणजे मुळात कुटुंब: नर-मादीची जोडी आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्लं. वयात आलेलं पिल्लू भटकताना मेलं तर कळप सावरतो. जोडीतली मादी गेली की मात्र कळप अनेकदा फुटतो, विशेषतः लहान असेल तर. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातली, संशोधकांनी ८३२एफ असा क्रमांक दिलेली मादी डिसेंबर २०१२मध्ये उद्यानाच्या हद्दीबाहेर, वायोमिंगमध्ये मारली गेली. शिकार कायदेशीरच होती, तरी लोक खवळले, कारण ती पर्यटकांच्या ओळखीची होती. गळ्यात संशोधकांचा रेडिओ कॉलर होता. तिच्या कळपाची पांगापांग झाली. बिननावाच्या लांडग्यासाठी एवढा गहजब क्वचितच होतो. आणि हद्दीची रेघ लांडग्याला कुठे दिसते!