संगणकाविरुद्ध ‘हार्ट्स’ खेळताना इस्पिकची राणी नेहमी माझ्याच गळ्यात का पडते? तो माझी पानं बघतो का?

‘हार्ट्स’ या चौघांच्या पत्त्यांच्या खेळात गुण अंगावर येणं वाईट: बदामाच्या प्रत्येक पानाचा एक, इस्पिकच्या राणीचे १३, आणि सर्वांत कमी गुणवाला जिंकतो. वाटपाबद्दलची शंका आधी निकालात काढा. पानांची देवाणघेवाण (प्रत्येकाने तीन पानं दुसऱ्या खेळाडूला देणं) होण्यापूर्वी इस्पिकची राणी तुम्हाला आली होती का, एवढंच सलग १०० डाव लिहून ठेवा. ती २५ वेळा यायला हवी. १७ ते ३३ मधला कुठलाही आकडा नशिबाचाच समजा. यावरून फक्त पिसणं सरळ आहे हे कळतं, डोकावणं नाही. पण चांगल्या प्रोग्रामला डोकावायची गरजच नसते. न दिसलेली पानं तो शेकडो वेगवेगळ्या प्रकारे वाटून बघतो, प्रत्येक वाटणी खेळून पाहतो आणि सरासरीने कमी गुण अंगावर येतील ते पान टाकतो. पडलेलं एकही पान तो विसरत नाही. समोरच्याला वाटतं, याने आपली पानं पाहिली.

राणी गळ्यात पडते त्याचं कारण बहुतेकदा तुम्ही दिलेल्या तीन पानांत असतं. राणी दिसली की घाबरून ती पुढे ढकलायची, ही सवय सोडा. तिच्यासोबत आणखी तीन-चार इस्पिकं असतील तर ती तुमच्याकडेच बरी. कुणाच्या अंगावर टाकायची ते तुम्ही ठरवाल. खरा धोका एक्का आणि राजाचा. त्यांच्यासोबत लहान इस्पिकं नसतील तर तेच देऊन टाका. गुलामापासून खालची इस्पिकं मात्र कधीच देऊ नका. ती हातात असली की इस्पिकची उतारी (म्हणजे त्या रंगाचं पान आधी टाकून सुरुवात) बिनधास्त करता येते, आणि दोन-तीन उताऱ्यांत राणी ज्याच्याकडे आहे त्याची पंचाईत होते.

राणी द्यावीच लागली तर उजवीकडे देणं सोयीचं. तो तुमच्या आधी खेळतो, त्यामुळे उतारी तुमची नसेल तर राणी पडली की नाही हे बघून तुमचा एक्का टाकता येतो. डावीकडे दिली की नेमकं उलटं.

किलवरच्या दुर्रीने सुरू होणाऱ्या पहिल्या हातावर सहसा गुणांची पानं टाकता येत नाहीत. किलवरचा एक्का तिथेच खपवा. कुठल्याही रंगाच्या दुसऱ्या फेरीपर्यंतही मोठी पानं बऱ्यापैकी चालून जातात. तिसऱ्या फेरीला मात्र सावध. १३ पानं चौघांत ४-३-३-३ अशी पडली तरच तेव्हा प्रत्येकाकडे तो रंग शिल्लक असतो, आणि नुसत्या वाटपात हे साधारण दहातून एकदाच घडतं. त्यात देवाणघेवाणीत लोक मुद्दाम एखादा रंग संपवतात. म्हणजे तिसऱ्या फेरीचा हात तुम्ही ओढलात तर त्यात बदाम किंवा राणी येणारच असं धरून चाला.

‘शूट द मून’ (एकट्याने सगळे बदाम आणि राणी गोळा करून २६ गुण बाकीच्यांवर लादणं) रोखण्याचं काम संगणकावर सोडू नका. साधे प्रोग्राम स्वतःचे गुण वाचवण्यात इतके गुंततात की एकच खेळाडू सगळं गोळा करतोय हे त्यांना उशिरा उमगतं. बदामचं एक मोठं पान शेवटपर्यंत राखून ठेवा. एक गुण अंगावर घेतलेला परवडतो, २६ नाहीत.

आणि धावफलक बघून खेळा. कुणी ९० च्या पुढे असेल आणि सर्वांत कमी गुण तुमचे नसतील, तर राणी त्याला देऊ नका. तो १०० गाठेल, खेळ तिथेच संपेल आणि तुम्ही हराल. ती आघाडीवरच्यासाठी, म्हणजे सर्वांत कमी गुण असलेल्यासाठी राखा, भले त्यासाठी दोन-तीन बदाम पदरात पडोत.