वाचकांचे प्रश्न : कोड एडिटरमध्येच वेबपेजची तपासणी

प्रश्न : अप्पा बळवंत चौकातील एका पुस्तकांच्या दुकानासाठी मी संकेतस्थळ तयार करत आहे. त्यासाठी व्हीएस कोड हा एडिटर वापरतो. एडिटरमध्ये कुठेही लाल रेघ दिसत नाही आणि ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित उघडते; तरीही डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये (कोड तपासणाऱ्या साधनात) तेच पान टाकले की चुकांची यादी समोर येते. दर वेळी कोड कॉपी करून तिकडे नेणे जिकिरीचे होते. ही तपासणी एडिटरमध्येच करता येईल का? शिवाय ब्राउझरची काही तक्रार नसेल, तर तिची गरज आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गरज पटल्याशिवाय अशी तपासणी कोणी नेमाने करत नाही. ब्राउझर एचटीएमएलमधील (पानाची रचना लिहिण्याच्या भाषेतील) चुका वापरणाऱ्याला दाखवत नाही, तो त्या सावरून घेतो. आणि त्या कशा सावरायच्या, हेही एचटीएमएलच्या प्रमाणकातच लिहून ठेवलेले आहे. समजा, आपण ‘पी’ टॅगच्या आत ‘डिव्ह’ लिहिला. ‘डिव्ह’ सुरू होताच ब्राउझर तो परिच्छेद तिथेच बंद करतो आणि पुढे आपला ‘पी’ बंद करणारा टॅग आला, की त्याची जोडी न सापडल्यामुळे एक नवा, रिकामा परिच्छेद तयार करतो. मग पानावर मध्येच पडलेल्या मोकळ्या जागेचे कारण आपण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, शोधत राहतो. पुस्तकांची मागणी नोंदवण्याच्या अर्जात ‘नाव’ आणि ‘पत्ता’ या दोन्ही रकान्यांना चुकून एकच आयडी दिला गेला, तर ‘पत्ता’ या लेबलवर क्लिक करणाऱ्या ग्राहकाचा कर्सर नावाच्या रकान्यात जातो. पान दिसायला मात्र निर्दोषच असते.

आता लाल रेघेविषयी. व्हीएस कोड स्वतःहून एचटीएमएलमध्ये लिहिलेली सीएसएस आणि जावास्क्रिप्ट तपासतो. टॅगांची रचना प्रमाणकाला धरून आहे की नाही, याची पूर्ण तपासणी तो करत नाही. म्हणून रेघ नाही याचा अर्थ चूक नाही, असा घेऊ नये. एचटीएमएलहिंटसारखे एक्स्टेंशन बसवल्यास न जुळणारे टॅग आणि दोनदा आलेले आयडी लिहितानाच कळतात. ते जरूर बसवावे, परंतु त्याचे नियम मोजके आहेत.

माझ्या मते खरा उपाय म्हणजे ‘न्यू एचटीएमएल चेकर’ आपल्याच संगणकावर आणणे. डब्ल्यूथ्रीसीच्या संकेतस्थळावर आजची एचटीएमएल पाने हाच प्रोग्रॅम तपासतो. तो मोफत आणि मुक्तस्रोत असून जावामध्ये लिहिलेला आहे. जावा वेगळे बसवायचे नसेल, तर विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठी ते अंतर्भूत असलेली पॅकेजेसही मिळतात. एडिटरच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) त्याला फाइलचे नाव दिले, की चूक कोणत्या ओळीत आणि कितव्या अक्षरावर आहे, हे तो छापतो. हीच आज्ञा व्हीएस कोडमध्ये ‘टास्क’ म्हणून नोंदवावी आणि तिच्या ‘प्रॉब्लेम मॅचर’मध्ये, म्हणजे छापलेल्या संदेशातून फाइल, ओळ आणि चूक ओळखणाऱ्या भागात, संदेशाचा साचा लिहावा. त्यानंतर सगळ्या चुका ‘प्रॉब्लेम्स’ या पट्टीत उमटतात आणि क्लिक केले की कर्सर थेट त्या ओळीवर जातो. साचा लिहिण्यात थोडा वेळ जातो, पण तो एकदाच. यादी लांबलचक आली, तर पहिली चूक आधी दुरुस्त करून पुन्हा तपासावे, कारण एक न बंद केलेला टॅग पुढच्या कित्येक तक्रारींचे मूळ असतो.

मराठी पानांसाठी दोन संदेश मी विशेष महत्त्वाचे मानतो. पानाची भाषा सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म लिहिलेला नसेल, तर चेकर इशारा देतो. तिथे मराठीसाठी ‘एमआर’ लिहावे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ज्या फाँटांमध्ये वेगळे दिलेले असतात, त्यांच्यात ते याच गुणधर्मामुळे निवडले जातात आणि स्क्रीन रीडरलाही (मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) मराठी आवाज निवडता येतो. दुसरे म्हणजे, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीची नोंद फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावी लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते, त्यामुळे तिच्या आधी लांब मराठी शीर्षक आणि वर्णन आले, तर ही मर्यादा सुमारे ३४० चिन्हांतच संपते. ती नोंद ‘हेड’मध्ये सर्वांत आधी ठेवावी.

प्रश्न : माझी पाने पीएचपीमध्ये आहेत. चेकर पहिल्याच ओळीला चूक दाखवतो. काय करावे?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : चेकरला पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा कळत नाही, त्याला सर्व्हरने तयार केलेले अंतिम एचटीएमएल द्यावे लागते. स्वतःच्या संगणकावर सर्व्हर चालू करून फाइलऐवजी त्या पानाचा पत्ता चेकरला द्यावा. ब्राउझरमधून कोड घ्यायचा असल्यास ‘व्ह्यू पेज सोर्स’मधून घ्यावा. ‘इन्स्पेक्ट’मध्ये दिसते ते ब्राउझरने सावरून घेतलेले रूप असते आणि त्यात मूळ चुका बहुधा बुजलेल्या असतात.