‘आधी काय दळलं?’

“मॅडम, मला फक्त एवढं सांगा, भाजी आणायला जाताना तिच्या हातात मोबाइल दिला तर चालेल का?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका आईने खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे विचारलं. मुलगी चार वर्षांची, छोट्या गटात. तिला इथे चिऊ म्हणू. ओळख पटू नये म्हणून आणखीही एकदोन गोष्टी बदलल्या आहेत. घर पुण्यात शनिवार पेठेत, नवरा फिरतीच्या नोकरीवर, सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्यामुळे दळण, मंडई, औषधं, इस्त्रीचे कपडे, सगळं ऑफिसातून आल्यावर चिऊला सोबत घेऊनच. जिना उतरेपर्यंत चिऊ खुशीत असायची. आप्पा बळवंत चौक आला की “उचलून घे”, बुधवार चौकात “घरी जायचंय”, आणि मंडईत तर सरळ फतकल. एकदा तिथेच पाठीत धपाटा बसला. जाणाऱ्या एक बाई “अगं, एवढंसं लेकरू!” म्हणाल्या आणि त्या दिवशी मायलेकी दोघी रडत घरी आल्या.

मोबाइलचा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर आधीच माहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसल्या जागी पडदा बघायचा तो दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. दवाखान्याच्या रांगेत दहा मिनिटं दिला म्हणून मूल बिघडत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. माझी हरकत वेगळीच आहे. हातात मोबाइल असलेलं मूल मंडईत जाऊनही मंडईत जात नाही. भाजीच्या पिशवीसारखं तेही एक पिशवीच होतं, फक्त बोलणारी.

आता चिऊच्या बाजूने बघा. “पंधरा मिनिटांत येऊ” हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. आधी काय आणि मग काय, एवढं कळतं. आपल्या डोक्यात यादी असते. तिच्यासाठी बंद दुकानाच्या पायरीवरचं मांजर हेसुद्धा कामच असतं, आणि ते अर्धवट टाकून तिला ओढत नेलेलं असतं.

हे सगळं समजावून मी सल्ला दिला तो मात्र चुकीचा. म्हटलं, प्रत्येक कामाची गोष्ट करा. मंडई म्हणजे जंगल, इस्त्रीवाले काका म्हणजे जादूगार. ऐकायला छान वाटतं ना? दोन आठवड्यांनी बाई आल्या त्या आधीपेक्षा थकून. “मॅडम, आता पिशवीही मीच उचलायची आणि कीर्तनही मीच करायचं!” चिऊ दोन दिवस रमली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ही नको, दुसरी सांग.” दोष माझा होता. आईच्या यादीत मी आणखी एक काम वाढवलं होतं आणि मुलीला श्रोत्यांत नेऊन बसवलं होतं.

मग मी त्यांना विचारलं, “तुम्हाला लहानपणी कुठल्या कामाला पाठवायचे?” त्या एकदम हसल्या. गावी वडील दुकानात पाठवायचे. “अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाणे” असं पुटपुटत जायचं, वाटेत मैत्रिणीने हाक मारली की शेंगदाणे गायब. वडिलांनी गोष्ट वगैरे कधी सांगितली नव्हती. काम तिचं होतं, एवढंच. (मला अशा वेळी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ हटकून आठवतात. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलांना कामापासून तोडून आणायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.)

तेव्हा ठरलं ते इतकंच: एका फेरीत दोनच कामं, आणि त्यातला एक तुकडा चिऊचा. खराखुरा, तिने केला नाही तर अडेल असा.

गिरणीत तिला एक प्रश्न मिळाला. बाजरीवर लगेच गहू दळला की जात्यात राहिलेलं बाजरीचं पीठ आपल्या कणकेत येतं आणि पोळ्या काळपट होतात, हे घरातली आजी जाणून असते. म्हणून विचारायचं, “काका, आधी काय दळलं?” आता हे विचारायचं काम चिऊचं. पहिल्या दिवशी ती आईच्या ओढणीत तोंड खुपसून पुटपुटली. गिरणीच्या आवाजात काकांना काय ऐकू येणार! दुसऱ्या खेपेला ओरडून विचारलं. काका म्हणाले, “बाजरी.” चिऊ म्हणाली, “मग आमचा गहू थांबेल.”

आणि दोन मिनिटं न थांबणारी ती मुलगी दोन डबे होईपर्यंत थांबली. कारण थांबायचं होतं ते गव्हाला, तिने फक्त त्याला सोबत करायची होती. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉत्स्की म्हणायचे, खेळताना मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. मी हे वर्षानुवर्षं पालकांना सांगत आले, पण त्याचं इतकं पिठाळ उदाहरण मला तोवर मिळालं नव्हतं. घरी येताना चिऊने कारणही सांगितलं: गहू आणि बाजरीची कट्टी आहे, बाजरीने गव्हाचा फ्रॉक मळवला. ही गोष्ट आईने सांगितलेली नव्हती. आईचं काम एवढंच होतं की “मग बट्टी कधी होणार?” असं विचारून गप्प बसायचं. डब्यातल्या ताज्या, गरम पिठावरून पालथा हात फिरवणं हा वरचा खाऊ.

मंडईत तिच्याकडे लिंबं आली. चार. पातळ सालीची, हातात जड लागणारी. पहिल्या दिवशी चार लिंबांना इतका वेळ लागला की भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “ताई, मागं गिऱ्हाईक हाय.” तेव्हा रविवार सकाळची गर्दी टाळून आडवारी जायचं ठरलं. एक लिंबू दगडासारखं निघालं. आईला ते बदलावंसं वाटलं, पण तिने हात आवरला. दुसऱ्या दिवशी आजीने ते पोह्यांवर पिळायचा खटाटोप केला आणि म्हणाली, “रस नाही गं ह्याला.” त्यानंतर चिऊ प्रत्येक लिंबू दाबून बघते.

मंडईची मधली इमारत 1886 ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. वरचा मनोरा अष्टकोनी. आठ बाजू आहेत असं आईने एकदा सांगितलं, तेव्हापासून चिऊ दर फेरीत मान वर करून त्या मोजते. खालून एका वेळी आठही दिसणं शक्य नाही. उरलेल्या लपल्यात, असं तिने ठरवून टाकलंय.

सगळीकडे हे जमलं असं नाही. औषधांच्या दुकानात अजून काही सुचलेलं नाही, तिथे नुसता कंटाळा येतो आणि तो दोघी सहन करतात. शिवाजी रस्ता ओलांडताना खेळ बंद, हात घट्ट, याबद्दल मी कडक आहे. येणारी गाडी किती वेगात आहे, हे या वयाला समजत नाही. निघण्याआधी पोटात काहीतरी हवंच, उपाशी मुलापुढे कुठलीही युक्ती चालत नाही. आणि मध्ये एकदा तुळशीबागेत पुन्हा फतकल घातली गेली. आईने फार समजूत न काढता तिला उचललं आणि भाजी न घेता परत आली. मला फोनवर सांगताना आवाज पडलेला होता. “मग जेवायला काय केलंत?” “पिठलं-भात.” म्हटलं, उत्तम.

सासूबाईंचा सूर अजून “आमच्या वेळी कोण एवढं करत होतं” असाच आहे. त्यांचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. त्यांनी मटार सोलायला नातवंडं बसवली, तेही हेच होतं, फक्त त्याला समुपदेशकाची फी लागली नाही.

शेवटच्या भेटीला चिऊही आली. आई आत येऊन बसली, ही दारातच उभी. खोली नीट बघून घेतली, रिकामी खुर्चीही बघितली, मग मला विचारलं, “आधी कोण बसलं होतं?”

म्हटलं, “एक दादा.”

तिने जरा विचार केला. “चालेल,” म्हणाली आणि खुर्चीवर चढून बसली.